सुंभ न जळताच पीळ गेला

जुलैचा दुसरा आठवडा होता. बाहेर मुंबईचा पाऊस आडवा लागलेला आणि आत प्रयोगशाळेत डीह्युमिडिफायरची बादली दर चार तासांनी रिकामी करायची पाळी माझी. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी नेमकं काय करतेस, असं कुणी त्या महिन्यात विचारलं असतं तर 'पाणी उपसते' हेच खरं उत्तर होतं. कागदोपत्री माझं काम वेगळं होतं: ग्राफीनचे, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या जाळीचे, दोन थर एकमेकांवर किंचित फिरवून ठेवायचे, वरून एका सुईने विजेचा दाब द्यायचा आणि ते थर त्याने हलतात का ते बघायचं.

याला आम्ही लॅबमध्ये 'ट्विस्टेड' म्हणतो. मराठीत 'पीळ दिलेले' म्हटलं की सुंभ आठवतो आणि सगळा घोटाळा होतो. इथे पिळायचं काही नाही. दोन पोळ्या एकीवर एक ठेवून वरची जराशी फिरवावी, तेवढंच. पण सुंभाची म्हण डोक्यात राहिली, कारण ग्राफीनचं बरोबर उलटं आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ग्राफीनला नुसती ऊब लागली तरी त्याचा पीळ जायला बघतो. दोन थरांना एका ठरावीक मांडणीत बसायला आवडतं आणि संधी मिळाली की ते तिकडे सरकतात. माझी अर्धी पीएचडी त्यांना ती संधी न देण्यात गेली आहे.

का फिरवायचं, हे मी आईला मच्छरदाणीवरून सांगितलं होतं. हॉस्टेलच्या खोलीत मच्छरदाणी दुहेरी पडली की तिच्यावर मोठाली नक्षी उमटते. भोकं जेमतेम दोन मिलिमीटरची आणि नक्षी वीतभर. एक पदर जरा सरकवला की नक्षी भलतीकडेच धावते. या नक्षीला म्वारे म्हणतात. ग्राफीनच्या जाळीचा एकक ०.२४६ नॅनोमीटरचा. दोन थरांत १.१ अंशाचा फरक ठेवला तर म्वारेचा एकक साधारण १३ नॅनोमीटरचा होतो, ०.१ अंशावर तो १४० नॅनोमीटरपर्यंत जातो. कोन जितका लहान तितकी नक्षी मोठी.

त्या १.१ अंशाची कीर्ती आता बरीच पसरली आहे. टेक्सासच्या बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी २०११ मध्ये गणिताने सांगितलं की या कोनाला इलेक्ट्रॉन जवळजवळ जागच्या जागी थबकतील. २०१८ मध्ये एमआयटीत पाब्लो हारिलो-एरेरो यांच्या गटाने तोच कोन साधला आणि त्या कार्बनमध्ये १.७ केल्व्हिनच्या आसपास अतिवाहकता, म्हणजे विजेचं विनाअडथळा वाहणं, सापडली. त्यानंतर जो तो 'जादुई कोना'च्या मागे लागला. आमच्या मजल्यावरही निम्मे लोक त्यातच आहेत. मला मात्र वीज कशी वाहते यापेक्षा वस्तू कशी हलते यात जास्त गोडी आहे. घरात घड्याळं खोलून बसण्याची सवय लहानपणापासूनची.

आता विजेने वस्तू हलणं ही काही अपूर्वाई नाही. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर घ्या. खटका दाबला की आतला स्फटिक दाबला जातो, त्याच्या दोन टोकांना हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि ठिणगी उडते. हा पिझो परिणाम क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. उलट बाजूने, व्होल्टेज दिलं तर तोच स्फटिक आकार बदलतो. अट एकच: स्फटिकाच्या मांडणीत एक विशिष्ट असमतोल हवा. मध्यबिंदूतून उलटं पाहिलं तर सारखंच दिसतं, अशा स्फटिकाला ढकलायला विजेला जागाच सापडत नाही. आणि ग्राफीन नेमकं तसंच आहे. एक थर घ्या, समतोल. दोन थर नेहमीच्या मांडणीत घ्या, तरी समतोल. पाठ्यपुस्तकाप्रमाणे माझ्या सुईखाली काहीच हलायला नको.

गंमत शिवणीत आहे. कोन एका अंशाहून बराच लहान असला की थर ताठ राहत नाहीत. अणू थोडे थोडे सरकून आपल्या आवडीच्या मांडणीत बसतात. अशा मांडण्या दोन, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा: एबी आणि बीए. त्यामुळे सगळा पृष्ठभाग त्रिकोणी तुकड्यांत वाटला जातो, आळीपाळीने एबी, बीए, एबी, बीए, आणि दोन त्रिकोणांमध्ये एक अरुंद पट्टी उरते. इंग्रजीत तिला डोमेन वॉल म्हणतात. मला ती गोधडीच्या शिवणीसारखी वाटते. हार्वर्डच्या फिलिप किम यांच्या गटाने २०१९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या त्रिकोणांच्या सुरेख प्रतिमा दाखवल्या. शिवणीत एक थर दुसऱ्याच्या तुलनेत पूर्ण एका बंधाएवढा, म्हणजे ०.१४२ नॅनोमीटर सरकतो, आणि तेही सहा ते दहा नॅनोमीटरच्या रुंदीत. दोन्ही थरांत मिळून दीड-दोन टक्क्यांचा ताण. मुख्य म्हणजे हा ताण एकसारखा नाही. शिवणीच्या काठाला शून्य, मधे सर्वाधिक, पुन्हा शून्य. ताण असा जागोजाग बदलत असला की समतोल मोडतो आणि विद्युतभार जरासा एका बाजूला कलतो. याला फ्लेक्सोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. रोजच्या आकाराच्या वस्तूंत तो नगण्य असतो, कारण दीड टक्का ताण मिलिमीटरभरात बदलला काय अन् न बदलला काय. तोच आठ नॅनोमीटरमध्ये बदलला तर गोष्ट वेगळी. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून याच धर्तीचा निबंध आला: व्होल्टेज दिलेली सुई फिरवून, साध्या खोलीच्या तापमानाला, म्वारे नक्षी 'पाहता' येते. तो वाचून सर म्हणाले, "आपल्याकडे मशीन आहे. करून बघ. महिन्याचं काम आहे."

सरांचा महिना आणि आमचा महिना यांत नेहमीच फरक असतो.

आधी नमुना. ग्रॅफाइटचा तुकडा चिकटपट्टीवर दाबायचा, पट्टी दुमडून-उलगडून थर सोलत जायचं आणि शेवटी ती सिलिकॉनच्या चकतीवर दाबायची. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी हेच केलं आणि २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. इतक्या वर्षांत या पायरीत फारसा बदल झालेला नाही. चकतीवर २८५ नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे ती जांभळी दिसते आणि एकेरी ग्राफीन त्यावर जांभळ्यावर जरा गडद जांभळं. एकेरी थर फक्त २.३ टक्के प्रकाश शोषतो. सुरुवातीला मला तासन्‌तास काहीच दिसायचं नाही. आता जेवताना स्टीलच्या ताटावरही थर दिसतात.

मग ग्राफीनला आधार म्हणून बोरॉन नायट्राइडचा सपाट तुकडा. जगातल्या असंख्य प्रयोगशाळांप्रमाणे आमचेही स्फटिक जपानमधल्या त्सुकुबाच्या संस्थेत तानिगुची आणि वातानाबे यांनी वाढवलेले. या विषयातल्या शेकडो निबंधांच्या लेखकयादीत ही दोन नावं सापडतात. आमच्याकडे ते स्फटिक एका छोट्या डबीत असतात आणि ती डबी उघडताना सगळे श्वास धरतात, शब्दशः. फुंकर लागली तर गेले.

ग्राफीनचा एकच तुकडा घेऊन त्याचे दोन भाग करायचे, म्हणजे दोन्ही भागांच्या जाळ्या मुळात एकाच दिशेला असतात आणि नंतर फिरवलेला कोन आपल्या हातात राहतो. भाग करायला आम्ही आमच्या मशीनची, म्हणजे सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची, सुईच वापरतो: सुईला व्होल्टेज देऊन रेघ ओढायची, त्या रेघेवरचं ग्राफीन ऑक्सिडाइझ होऊन निघून जातं. या प्रक्रियेला सुईच्या टोकाशी पाण्याचा थेंबुकला लागतो. अख्ख्या पावसाळ्यात दमट हवेने मला मदत केली ती एवढ्या एका पायरीत.

बाकी सगळीकडे तिने घातच केला. काचेच्या पट्टीवर रबरासारख्या पीडीएमएसचा फुगीर थेंब, त्यावर पॉलिकार्बोनेटची पातळ फिल्म. तिने आधी बोरॉन नायट्राइड उचलायचं, त्याने ग्राफीनचा अर्धा भाग उचलायचा, मग खालची चकती ठरल्याएवढी फिरवायची आणि उरलेला अर्धा भाग उचलायचा. तापमान ८० अंशांच्या आसपास. दमट दिवसांत थरांच्या मधे पाणी अडकायचं, फुगे यायचे. नाहीतर दुसरा अर्धा भाग चकती सोडायलाच तयार नसायचा. फिल्म टेकत येते तेव्हा पडद्यावर एक रंगीत कड हळूहळू पुढे सरकताना दिसते. ती कड ग्राफीनवरून जाताना एकदा जरी दचकली तरी थर सरकले समजा. त्या वेळी मी बाजूच्या खोलीतलं दार कुणी आपटू नये म्हणून चक्क कागद चिकटवला होता: 'दार हळू लावा, ग्राफीन झोपलंय.' ताईंनी, म्हणजे आमच्या पोस्टडॉकनी, खाली लिहिलं: 'आणि तूसुद्धा झोप.'

एरवी शेवटी १८० अंशांपर्यंत तापवून फिल्म वितळवतात. आम्हाला ते चालणार नव्हतं. एक तर उष्णतेने कोन जायची भीती, दुसरं म्हणजे मला ग्राफीन वर उघडं हवं होतं, सुई टेकवायला. म्हणून फिल्मच रबरावरून सोलून, उलटी करून चकतीवर पसरली. गरम तव्यावर धिरडं फाटू न देता उलटायचं कसब असेल त्याला हे जमेल. मला सोळा नमुन्यांनंतर जमलं.

सतराव्याचा कोन मी ०.४ अंश ठरवला होता. म्हणजे त्रिकोणाची बाजू ३५ नॅनोमीटर यायला हवी.

मोजणीची कल्पना सोपी आहे. धातूचा मुलामा दिलेली सुई एका लवचिक पट्टीच्या टोकाला असते. ती पृष्ठभागावर हलकेच टेकवायची आणि तिला एखाद-दोन व्होल्टचं उलटसुलट व्होल्टेज द्यायचं. खालची वस्तू त्या तालावर हलली तर सुईही हलते. वर-खाली हलली तर पट्टी वाकते, आडवी हलली तर पट्टी पिळवटते. पट्टीवरून परावर्तित झालेला लेझर हे दोन्ही वेगवेगळं सांगतो. हालचाल काही पिकोमीटरची, म्हणजे कार्बनच्या एका बंधाच्या काही शतांशांएवढी. ती तशी दिसणं शक्य नाही, म्हणून पट्टीच्या स्वतःच्या अनुनादाचा आधार घ्यायचा: झोका योग्य वेळी ढकलला की लहान मुलाच्या ढकलण्यानेही उंच जातो, तसं. माझ्या सुईचा आडवा अनुनाद साडेसातशे किलोहर्ट्झच्या आसपास येत होता. सुई जरा झिजली, हवा जरा बदलली की तोही सरकायचा.

पहिल्या रात्री काही दिसलं नाही. पृष्ठभागावर पॉलिकार्बोनेटचा राप होता. तो सुईनेच झाडावा लागतो: जोर वाढवून सुई केरसुणीसारखी फिरवायची, कचरा कडेला लोटायचा. जोर फार झाला तर कचऱ्याबरोबर थरही लोटला जातो. दोन रात्री झाडलं. मग नमुन्यावर कोरडा नायट्रोजन सोडून आर्द्रता खाली आणली, जोर कमी केला, व्होल्टेज दीड व्होल्ट.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला पडद्यावर वरून खाली ओळ ओळ उतरत त्रिकोण आले.

मी कुणाला उठवलं नाही. फोटो काढला, पडद्याचा, मोबाइलने, फाइल आपोआप साठत होती तरीही. त्रिकोणांच्या बाजू ८२, ९० आणि १०१ नॅनोमीटर. ३५ नाहीत! ९० म्हणजे कोन ०.१६ अंश. ठरवलेल्या कोनापैकी निम्म्याहून जास्त पीळ कुठे तरी वाटेत निघून गेला होता, बहुधा उलटताना. आणि बाजू असमान, म्हणजे एक थर दुसऱ्याच्या तुलनेत ताणलेला. किती? हिशोब केला तर साधारण ०.०५ टक्के. एवढा क्षुल्लक ताण एरवी मोजणं कठीण, पण म्वारे हे भिंगच आहे. या कोनाला ते साडेतीनशे पटींहून जास्त मोठं करून दाखवतं.

सकाळी सरांनी चित्र पाहिलं, चहा घेतला, पुन्हा पाहिलं. "छान आहे. पण हलतंय कशावरून?"

मला तेव्हा रागच आला. आता वाटतं, सगळ्या प्रकरणात विचारण्याजोगा प्रश्न तोच होता. सुई आणि नमुना यांच्यात व्होल्टेज असलं की दोघं एकमेकांना साध्या विद्युत आकर्षणानेही ओढतात. फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवतो तसं. नमुना जागचा हलला नाही तरी पट्टी हलते. शिवणीवर घर्षण वेगळं असेल तर त्याचाही ठसा आडव्या खुणेत मिसळतो. म्हणजे त्रिकोण खरे, पण ते ग्राफीनच्या हालचालीचे की आणखी कशाचे, हे चित्रावरून ठरत नाही. चित्र सुंदर आलं की माणूस हे विसरतो.

पुढचे अडीच आठवडे शंका काढण्यात गेले. नमुन्याच्या कडेला फक्त एकेरी ग्राफीन होतं. तिथे तीच सुई, तेच व्होल्टेज, आणि सपाट करडं चित्र. ठीक. ग्राफीन आणि बोरॉन नायट्राइड यांच्यातही म्वारे बनतो, तो तर नाही ना? नाही, दोघांच्या जाळीत १.८ टक्क्यांचा फरक असल्याने तो म्वारे कितीही नीट जुळवला तरी १४ नॅनोमीटरपलीकडे जात नाही, आणि माझे त्रिकोण नव्वदचे. व्होल्टेज अर्धा, एक, दीड, दोन असं वाढवत नेलं. शिवणीवरची खूण त्याच प्रमाणात सरळ वाढत गेली. व्होल्टेज बंद केलं तर त्रिकोण नाहीसे झाले. म्हणजे निव्वळ घर्षणाचा खेळ नाही. पण विद्युत आकर्षण अजून सुटलेलं नव्हतं.

सुटका ताईंनी सुचवली, कॅन्टीनमध्ये मिसळ खाता खाता. "अगं, नमुना फिरव ना. आकर्षणाला दिशा कुठे असते?"

पट्टी फक्त आडव्या हालचालीने पिळवटते, लांबीच्या दिशेतली हालचाल तिला तशी कळत नाही. शिवणी तीन दिशांच्या. प्रत्येक शिवण आपापल्या दिशेने हलत असेल तर तिन्हींची चमक वेगवेगळी दिसायला हवी, आणि नमुना ९० अंशांनी फिरवला की चमकणारी मंदावायला हवी. निव्वळ आकर्षण असेल तर शिवण कुठेही तोंड करून असली तरी सारखीच दिसेल. ऐकायला सोपं. पण नमुना काढून, फिरवून, पुन्हा लावल्यावर वीस मायक्रोमीटरच्या तुकड्यातला तोच एक मायक्रोमीटर शोधायचा असतो. खुणेसाठी मी थरांमधला एक फुगा धरला होता, चपट्या वाटाण्यासारखा, त्याच्या डावीकडे दोन सुरकुत्या. फिरवल्यावर डावीकडचं खाली गेलं आणि मी दुसऱ्याच वाटाण्याभोवती पाच तास घालवले.

सापडला तेव्हा दुपार होती. ओळी उतरू लागल्या. आधी लखलखणारी शिवण आता जेमतेम दिसत होती आणि जी जवळजवळ अदृश्य होती ती ठळक. सर मागे येऊन उभे राहिले होते ते मला कळलंही नाही. "हं," ते म्हणाले. त्यांच्याकडून 'हं' मिळणं म्हणजे काय ते आमच्या लॅबमध्ये विचारा.

किती पिकोमीटर हललं, याचा आकडा मी निबंधाच्या मसुद्यात दिला नाही. आडव्या हालचालीचं प्रमाणीकरण खात्रीने करणं फार अवघड आहे. अनुनादाने खूण किती पट वाढली हे सुईगणिक बदलतं. दोन परीक्षक तो आकडा मागणार, हे माहीत आहे.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण व्होल्टेजने शिवण नुसती थरथरत नाही तर आख्खी सरकते का, हे बघायचा मोह झाला. त्याला आधारही होता. २०१४ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या गटाने तीन थरांच्या ग्राफीनमध्ये सुईच्या विद्युतक्षेत्राने अशी सीमारेषा सरकवून दाखवली होती. मात्र तिथे रेषेच्या दोन बाजूंच्या मांडण्या वेगळ्या होत्या; क्षेत्र लावलं की एक दुसरीपेक्षा ऊर्जेच्या हिशोबात स्वस्त पडते, म्हणून ती पसरते. माझ्याकडे एका बाजूला एबी, दुसऱ्या बाजूला बीए, आणि वरून लावलेल्या क्षेत्राला दोन्ही सारख्याच. एक वाढवून दुसरी आकसण्याचं त्याला काही कारण नाही. हे मला माहीत होतं. तरीही सुईला सहा व्होल्टचं स्थिर व्होल्टेज देऊन मी एका कोपऱ्यात तिच्या चार फेऱ्या केल्या.

पुढच्या चित्रात त्या कोपऱ्यातले त्रिकोण ताणून लांबुळके झाले होते. त्यापुढच्या चित्रात अर्ध्या भागात एकही शिवण नव्हती. गुळगुळीत, एकसंध, आवडीच्या मांडणीत निवांत बसलेलं ग्राफीन.

ताईंनी विचारलं, "विजेने गेलं?"

"सांगता येत नाही. त्या व्होल्टेजला सुई खाली ओढली जाते, म्हणजे जोरही वाढलाच. सुईने लोटलं असेल."

"मग तसंच लिही."

वहीत तसंच लिहिलं: जोर आणि क्षेत्र वेगळे केलेले नाहीत, कारण ठरवता येत नाही. मग चकती डबीत ठेवली आणि झाकणावर चिठ्ठी लावली: 'नमुना १७. कोन ०.१६ अंश, ३ ऑगस्ट, दुपारी साडेतीनपर्यंत.' डीह्युमिडिफायर तेवढ्यात ओरडायला लागला. बादली भरली होती.